रफ वही आणि फेअर वही

सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलवर एक चक्कर मारा. प्रत्येक रूममध्ये लाईट चालू असतो. एका टॉपरचं जर्नल अख्ख्या विंगमधून फिरत असतं. कुणी ऑब्झर्वेशन टेबल उतरवून घेतंय, कुणी "अगं, कन्क्लूजनचं पान दे ना" म्हणून ओरडतंय. फर्स्ट इयरच्या पोरी दोन खुर्च्यांवर काच टाकून, खाली ट्यूबलाईट लावून ड्रॉइंग शीटची जीटी मारतायत. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग, हे इथे कुणाला सांगायला नको. (स्टाफपैकी कुणी वाचत असेल तर, सर, हे सगळं ऐकीव आहे!)

सांगायचा मुद्दा असा की आपण इंजिनीअर लोक लिहितो भरपूर, पण सगळं एकदाच आणि एका दमात. शाळेत निदान एक रफ वही आणि एक फेअर वही असायची. रफ वहीत खाडाखोड करायची आणि मग तेच सुंदर अक्षरात फेअर वहीत उतरवायचं. माझी तर अशी पक्की समजूत होती की रफचं फेअर करणं म्हणजे अक्षर सुधारणं. बाकी मजकूर तोच!

याच समजुतीत मी गेल्या वर्षी या मॅगझिनसाठी एक गोष्ट लिहिली. माझ्या आजोबांवर. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे, तेव्हा लाल पेनने पान भरून येणार हे गृहीत धरलं होतं. पण मराठी विभाग बघणाऱ्या सरांनी कागद परत दिले तेव्हा त्यावर एकही वेलांटी सुधारलेली नव्हती. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने फक्त एक प्रश्न होता : "हे कोण सांगतंय?"

मी चिडले. कोण सांगतंय म्हणजे काय? मीच सांगत्येय की! सर हसले आणि म्हणाले, "तू 'टू किल अ मॉकिंगबर्ड' वाचलंयस ना? आता त्याचा पहिला ड्राफ्ट वाच. तो छापलेला मिळतो."

पहिला ड्राफ्ट, छापलेला? मी दहावीच्या सुट्टीत शाळेच्या लायब्ररीतून आणून 'मॉकिंगबर्ड' दोनदा वाचलं होतं. पण त्या पुस्तकाच्या पोटात आणखी एक पुस्तक आहे हे मला माहीत नव्हतं. मग मी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि त्यांच्यामागची हकिकतही शोधली. त्यातून जे शिकले ते लिहिते आहे. आपल्या सिलॅबसमध्ये हे नाही, पण असायला हरकत नव्हती.

ख्रिसमसचं पाकीट

हार्पर ली यांचा जन्म १९२६ सालचा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात मन्रोव्हिल नावाचं छोटं गाव आहे, तिथला. वडील वकील. मुलीनेही वकील व्हावं अशी घरच्यांची इच्छा आणि ती कायद्याच्या कॉलेजात गेलीही. पण डिग्री न घेताच तिने ते सोडलं आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्क गाठलं. का? तर लेखक व्हायचं म्हणून. (आपल्यातल्या काही जणांच्या पोटात इथे कालवाकालव झाली असेल. मला कळतं.)

न्यूयॉर्कमध्ये पोट भरायला नोकरी काय, तर विमान कंपनीत तिकिटांची रिझर्व्हेशन्स घेणं. दिवसभर फोन आणि रात्री टाईपरायटर. अशी सात वर्षं गेली आणि हातात होत्या थोड्याफार कथा. १९५६ च्या ख्रिसमसला ती मायकेल आणि जॉय ब्राउन या मित्र-जोडप्याच्या घरी होती. झाडावर तिच्या नावाचं एक पाकीट लटकत होतं. आत चिठ्ठी. तिचा मतितार्थ असा की, नोकरीतून एक वर्ष सुट्टी घे आणि तुला वाटेल ते लिही, वर्षभराचा खर्च आमचा. हा प्रसंग तिने स्वतःच १९६१ मध्ये एका मासिकात लिहिला आहे. हे मित्र काही कोट्यधीश नव्हते. त्या वर्षी हातात थोडे जास्त पैसे आले होते, इतकंच.

मग मात्र गाडी सुसाट सुटली. जानेवारी १९५७ मध्ये तिने मॉरिस क्रेन या आपल्या एजंटकडे कादंबरीची पहिली सुमारे पन्नास पानं नेऊन दिली. त्यानंतर जवळपास दर आठवड्याला पानांचा नवा गठ्ठा. फेब्रुवारी संपेपर्यंत मॅन्युस्क्रिप्ट पूर्ण! नाव 'गो सेट अ वॉचमन'. इथे वॉचमन म्हणजे गेटवर रजिस्टर घेऊन बसणारे आपले काका नव्हेत. बायबलमध्ये यशया नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक आहे, त्यातला हा पहारेकरी. कादंबरीत त्याचा अर्थ येतो तो माणसाची सदसद्विवेकबुद्धी असा.

दोन महिन्यांत कादंबरी. इथपर्यंत वाचून मला वाटलं, बघा, ही तर आपल्यासारखीच, लास्ट मोमेंटवाली! पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. दोन महिन्यांत लिहिलेल्या त्या पानांचं पुस्तक बनायला अडीच वर्षं लागली.

पहिल्या ड्राफ्टमध्ये काय होतं?

जीन लुईझ फिंच ही २६ वर्षांची मुलगी न्यूयॉर्कहून रेल्वेने आपल्या गावी, मेकोमला येते. काळ १९५० च्या दशकाच्या मध्याचा. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळांमधली गोऱ्या-काळ्यांची फाळणी बेकायदा ठरवली आहे आणि त्यावरून दक्षिणेतला गोरा समाज पेटला आहे. जीन लुईझचे वडील ॲटिकस आता ७२ वर्षांचे आहेत, संधिवाताने हात आखडलेले. भाऊ जेम केव्हाच वारलाय. वडिलांच्या ऑफिसात काम करणारा हेन्री नावाचा एक तरुण तिच्याशी लग्न करू इच्छितो.

एके दिवशी तिला वडिलांच्या कागदांत काळ्या लोकांविरुद्ध गरळ ओकणारं एक पत्रक सापडतं. ती त्यांच्यामागोमाग कोर्टात जाते आणि वरच्या गॅलरीत जाऊन बसते. लहानपणी भावाबरोबर जिथे बसायची त्याच कोपऱ्यात. खाली सिटिझन्स कौन्सिलची, म्हणजे वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांची सभा चालू आहे. आणि त्यात तिचे वडील बसलेत. जगातला सगळ्यात सरळ माणूस म्हणून ज्यांना तिने जन्मभर मानलं, ते.

पुढचं बरंचसं पुस्तक म्हणजे तिचा संताप, काकांशी वाद आणि शेवटी वडिलांशी कडाक्याचं भांडण. मधेमधे तिला बालपण आठवतं आणि तेवढे भाग एकदम उजळून निघतात. वर्तमानकाळात परत आलो की पुन्हा लांबलचक चर्चा. खरं सांगते, पहिल्यांदा वाचताना मी काही पानं चक्क उलटली.

हे मॅन्युस्क्रिप्ट १९५७ मध्ये लिपिनकॉट या प्रकाशन संस्थेकडे गेलं आणि टे होहॉफ नावाच्या एडिटरबाईंच्या टेबलावर येऊन पडलं.

एडिटर म्हणजे एक्झामिनर नव्हे

होहॉफबाई तेव्हा साठीच्या जवळ आलेल्या होत्या. त्यांनी नंतर लिहून ठेवलंय की हे लिखाण म्हणजे सलग कादंबरी कमी आणि सुट्या सुट्या किश्शांची मालिका जास्त होतं. पण ओळीओळीत खऱ्या लेखकाची ठिणगी दिसत होती. आता विचार करा, आपल्याकडे असा पेपर आला असता तर काय झालं असतं? "इन्कम्प्लीट" असा शेरा आणि केटी! त्यांनी मात्र ऑक्टोबर १९५७ मध्ये करार केला आणि लेखिकेला पुन्हा लिहायला बसवलं.

त्यांनी सुचवलेली गोष्ट दिसायला अगदी साधी होती. बालपणाचे तुकडे त्यांना फार आवडले होते, तेव्हा त्या लहान मुलीच्या नजरेतूनच कादंबरी लिहावी. याबद्दल दोघींच्या आठवणी थोड्या वेगळ्या आहेत. ली यांनी २०१५ मध्ये दिलेल्या निवेदनात म्हटलं की मी नवखी होते, सांगितलं तसं केलं. होहॉफबाईंनी लिहिलंय ते असं की एखादी सूचना पटली नाही तर आम्ही तासन्‌तास बोलत बसायचो, कधी ती माझ्या बाजूला यायची, कधी मी तिच्या, आणि कधी त्या बोलण्यातून दोघींच्याही डोक्यात नसलेली तिसरीच वाट निघायची.

मला दोन्ही खरं वाटतं. ज्याने सुचवलं त्याला वाद आठवतो, ज्याने राबून लिहिलं त्याला आज्ञा आठवते! पण ती 'तिसरी वाट' मला फार महत्त्वाची वाटली. एक्झामिनरला उत्तर आधीच माहीत असतं. चांगल्या एडिटरला ते माहीत नसतं, त्याला फक्त प्रश्न माहीत असतो.

काय काय बदललं?

आता मुख्य धडा. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की बदल स्पष्ट दिसतात. मी वहीत दोन कॉलम करून लिहिले.

पहिला बदल, सांगणारा. 'वॉचमन' तृतीय पुरुषात आहे : जीन लुईझने असं केलं, तिला तसं वाटलं. 'मॉकिंगबर्ड' मध्ये जीन लुईझ स्वतः बोलते, लहानपणच्या स्काउट या नावाने. चरित्रकारांच्या मते हा आवाज ली यांना एका फटक्यात सापडला नाही. तृतीय पुरुष झाला, मग प्रथम पुरुष झाला आणि शेवटी दोन्हींचं मिश्रण. म्हणजे भाषा मोठ्या बाईची पण डोळे सहा ते नऊ वर्षांच्या पोरीचे. आपल्या ड्रॉइंगच्या भाषेत सांगायचं तर वस्तू तीच, व्ह्यू बदलला. आणि फ्रंट व्ह्यूमध्ये डॉटेड असलेल्या कितीतरी रेषा साईड व्ह्यूमध्ये ठळक होतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरा बदल, काळ. १९५० च्या दशकातून गोष्ट वीस वर्षं मागे, १९३३ ते १९३५ मध्ये गेली. त्यामुळे सुप्रीम कोर्टाच्या निकालावरच्या चर्चा आपोआप गळाल्या. जे वादात सांगितलं जात होतं ते आता प्रसंगात दाखवावं लागलं.

तिसरा बदल, खटला. हा मला सगळ्यात थरारक वाटला. 'वॉचमन' मध्ये एक जुना खटला ओझरता येतो. ॲटिकसने बलात्काराचा आरोप असलेल्या एका काळ्या मुलाची बाजू मांडली, त्या मुलाला एक हात नव्हता आणि ॲटिकसने तो सोडवला. बस्स, एवढंच. लेखिकेने आपल्याच पानांतली ही बारीकशी गोष्ट उचलली आणि तिला नव्या पुस्तकाच्या मधोमध आणून ठेवलं. पण निकाल उलटा केला! 'मॉकिंगबर्ड' मधला टॉम रॉबिन्सन निर्दोष आहे. त्याचा डावा हात निकामी असल्यामुळे त्याने मारहाण केलीच नसणार हे कोर्टात सगळ्यांना दिसतं, आणि तरीही गोरी ज्युरी त्याला दोषी ठरवते. पहिल्या ड्राफ्टमध्ये वकील हुशार होता म्हणून जिंकला. शेवटच्या ड्राफ्टमध्ये वकील हुशार असूनही हरला. कुठली गोष्ट जास्त खरी वाटते, तुम्हीच सांगा.

चौथा बदल, माणसं. हेन्री गेला. मेलेला भाऊ जेम जिवंत झाला आणि जवळजवळ नायकच बनला. आणि बू रॅडली, शेजारच्या घरात स्वतःला कोंडून घेतलेला तो माणूस, ज्याच्यावर पुस्तकाची सुरुवात आणि शेवट उभा आहे, तो तर पहिल्या ड्राफ्टमध्ये नाहीच! मला हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले. मला वाटायचं लेखकाच्या डोक्यात आधी सगळं तयार असतं आणि तो ते फक्त उतरवतो. इथे तर कादंबरीतला सगळ्यात लाडका माणूस पुन्हा लिहिताना जन्माला आला.

पाचवी गोष्ट म्हणजे काय बदललं नाही. मेकोम गावाची आणि आत्याची, म्हणजे आँट अलेक्झांड्राची काही वर्णनं दोन्ही पुस्तकांत जवळपास जशीच्या तशी आहेत. म्हणजे लेखिकेने सगळं जाळून टाकलं नाही. जे पहिल्यांदाच नीट जमलं होतं ते ठेवलं. आणि ती कोर्टाची वरची गॅलरीही ठेवली. पहिल्या ड्राफ्टमध्ये तिथून मुलगी वडिलांना पडताना बघते. शेवटच्यात त्याच गॅलरीतून, काळ्या लोकांमध्ये बसून, लहान स्काउट वडिलांना लढताना बघते. गॅलरी तीच, बघणारी तीच, माणूसही तोच. किती वेगळं दिसलं!

म्हणून म्हणते, रिराईट करणं म्हणजे स्वतःच्याच शीटची जीटी मारणं नव्हे. जीटीमध्ये चुकीची रेषासुद्धा सुबक होऊन खाली उतरते. इथे नवी शीट घेऊन, वस्तूकडे पुन्हा बघून, पहिल्यापासून काढावं लागतं.

खिडकीबाहेरची पानं

हे सगळं असं शहाण्यासारखं, शांतपणे झालं असं समजू नका. चरित्रकारांनी एक प्रसंग नोंदवलाय. हिवाळ्यातली एक रात्र. एकच पान पुन्हा पुन्हा लिहून वैतागलेल्या हार्पर लीने खिडकी उघडली आणि सगळे कागद बाहेर बर्फात भिरकावून दिले. मग रडत होहॉफबाईंना फोन केला. त्यांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. आत्ताच्या आत्ता खाली जा आणि कागद गोळा कर, एवढंच बजावलं. ती गेली.

पेन ड्राईव्ह आणि क्लाउडच्या जमान्यात आपल्याला याची किंमत कळणार नाही. टाईप केलेली पानं, खाली बर्फ, ओली होणारी शाई. मी तर फेकलंही असतं आणि झोपलेही असते. सकाळी रेक्टरबाईंनी पसारा केला म्हणून फाईन लावला असता तो वेगळाच.

पुस्तक ११ जुलै १९६० ला आलं. थोड्याफार हजार प्रती खपतील अशी प्रकाशकांची अटकळ होती. १९६१ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं, १९६२ मध्ये ग्रेगरी पेकचा सिनेमा आला आणि आजवर जगभरात कोट्यवधी प्रती खपल्या.

फेअर करताना काय हरवलं?

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. 'मेहनतीचं फळ गोड' असं लिहून मोकळी झाले असते. पण 'वॉचमन' वाचून माझ्या मनात एक काटा राहिलाच.

ते मॅन्युस्क्रिप्ट पुढे अनेक वर्षं पडून होतं. जुलै २०१५ मध्ये ते पुस्तक म्हणून छापलं गेलं, आणि तेही जवळजवळ आहे तसं. लेखिका तेव्हा ८९ वर्षांची होती आणि तिची तब्येत नाजूक होती. हे तिच्या मनाप्रमाणे झालं की नाही यावर खूप वाद झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती गेली. वाचकांना धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. ज्या ॲटिकसवरून लोकांनी आपल्या मुलांची नावं ठेवली होती, तो ॲटिकस पहिल्या ड्राफ्टमध्ये वर्णभेदवाल्यांच्या सभेत बसलेला निघाला. अनेकांना फसवल्यासारखं वाटलं. मलाही वाटलं.

मग प्रश्न पडतो : पुन्हा लिहिताना लेखिकेने सत्य शोधलं की सत्यावर रंग दिला? 'मॉकिंगबर्ड' हे निर्विवाद चांगलं पुस्तक आहे. पण 'वॉचमन' मधला प्रश्न जास्त अवघड आहे. कोर्टात काळ्या माणसासाठी लढणारा माणूस बाहेर त्यांना बरोबरीचं मानत नसेल तर? आणि तो माणूस आपला बाप असेल तर? दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं?

हे वाचत असताना मला माझी गोष्ट आठवली. आता सांगूनच टाकते.

वेगळा कप

माझे आजोबा हेडमास्तर होते. रिटायर झाल्यावर गावातल्या पोरांना ओसरीवर इंग्रजी आणि गणित शिकवायचे, एक पैसा न घेता. आमच्याकडे धुणंभांडी करायला मावशी यायच्या. त्यांचा मुलगाही त्याच ओसरीवर, त्याच सतरंजीवर बसून शिकला. पुढे तो नोकरीला लागला तेव्हा आजोबांनी पेढे वाटले होते. माझ्या गोष्टीत हे सगळं होतं.

गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यात आणखी एक वाक्य होतं. मावशींचा चहाचा कप वेगळा होता. दांडा तुटलेला, न्हाणीच्या खिडकीत उपडा घातलेला. तो घरातल्या कपांत कधी मिसळला नाही. मुलाला पेढे भरवणाऱ्या आजोबांच्याच घरात.

फेअर करताना मी ते वाक्य काढून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. गोष्ट छान वाहत होती, मधेच ते वाक्य टोचत होतं. आजोबा आता नाहीत. कशाला उगीच? मी त्याला 'एडिटिंग' म्हटलं. आणि सरांनी पेन्सिलने विचारलं, "हे कोण सांगतंय?"

आता मला तो प्रश्न कळतो. हार्पर लीच्या नव्या पुस्तकात ॲटिकसचा तो डाग नाही, कारण ते सहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांना दिसलेले वडील आहेत. तिला दिसलं तेवढं तिने सांगितलं. बघण्याची जागा बदलली म्हणून चित्र बदललं. माझ्या गोष्टीत मात्र सांगणारी वीस वर्षांची होती. तिने कप पाहिलेला होता, त्याचा अर्थही तिला माहीत होता, आणि ती गप्प बसली होती. सरांना कप माहीत नव्हता, पण आवाजातली लपवाछपवी ऐकू आली होती. टोचणारं वाक्य काढणं आणि चुकीचं वाक्य काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मी पुन्हा लिहायला बसले. दुसऱ्या खर्ड्यात कप परत आणला आणि त्यावर अर्धं पान भाषण ठोकलं. जात, समता, संविधान, सगळं आलं. वाचून मलाच 'वॉचमन' मधल्या चर्चा आठवल्या. तिसऱ्या वेळी गोष्ट सात वर्षांच्या मुलीला सांगायला दिली. तिला कप माहीत आहे, पण वेगळेपणाचा अर्थ माहीत नाही. ती एवढंच सांगते की तो मावशींचा कप, खिडकीतला. एकदा खेळता खेळता ती त्याच कपातून पाणी पिते, आणि घरात सगळे एकदम गप्प होतात. आजोबासुद्धा. पुढे ती काही बोलत नाही.

यात आजोबा वाईट झाले नाहीत आणि खोटेही झाले नाहीत. पेढे भरवणारा हातही त्यांचाच राहिला.

जाता जाता

तर दोस्तहो, अडीच वर्षांच्या त्या खटाटोपातून माझ्यापुरते तीन-चार धडे मी रूमच्या भिंतीवर चिकटवलेत. पहिला ड्राफ्ट लवकर संपवा, तो स्वतःसाठी असतो, त्यात टोचणारं सगळं येऊ द्या. मग कुणा एका विश्वासाच्या माणसाला द्या, जो शुद्धलेखनाच्या आधी प्रश्न विचारेल. पुन्हा लिहिताना आधी 'कोण बघतंय आणि कुठून' हे ठरवा, वाक्यं नंतर. एखादं वाक्य काढावंसं वाटलं तर का काढतोय हे स्वतःला खरं सांगा. आणि पहिला ड्राफ्ट फाडू नका. फेअर वहीत आपण काय लपवलं ते रफ वहीतच सापडतं.

माझी गोष्ट या अंकात नाही. चौथा खर्डा चालू आहे. सरांनी परवा विचारलं, "झाली का?" मी म्हटलं, "सर, शेवट जमत नाहीये, खिडकीतून फेकून द्यावीशी वाटते." सर म्हणाले, "फेक. खाली वॉचमन आहे, तो गोळा करून आणून देईल."

— टी. ई. (इलेक्ट्रॉनिक्स), लेडीज हॉस्टेल